बुलेटला कारचा टायर? आधी हे वाचा

"मागच्या चाकाला कारचा टायर टाकला तर?" लांब फिरणाऱ्या बाइकवाल्यांच्या गप्पांत हा प्रश्न कधी ना कधी निघतोच. त्यामागचं दुखणं खरं आहे. विदर्भातल्या मुकुटबनहून निघालेला माणूस एकदा ४४ नंबरच्या राष्ट्रीय महामार्गाला लागला, की वर नागपूर आणि खाली आदिलाबाद, निर्मल, हैदराबाद असा लांबच लांब सरळ रस्ता त्याच्यापुढे असतो. गाडीवर दोघं, दोन्ही बाजूंना बॅगा, कॅरिअरला बांधलेली ताडपत्री. अशा वापरात मागचा टायर पुढच्यापेक्षा कितीतरी आधी उतरतो. शेजाऱ्याच्या कारचे टायर चाळीस-पन्नास हजार किलोमीटर चाललेले दिसतात आणि आपला पंधरा हजारांच्या आसपासच गुळगुळीत होतो. मग तोच टायर आपल्या गाडीला का नको, असं मनात येणं स्वाभाविक आहे.

उत्तर आधीच सांगतो. जी गाडी वळणावर झुकते, तिला कारचा टायर बसवू नका. मागेही नको आणि पुढे तर नकोच नको. मात्र नुसतं "नको" म्हटल्याने कुणाचं समाधान होत नाही, आणि होऊही नये. कारण कळलं नाही, तर उद्या कुणीतरी एखादा व्हिडिओ दाखवेल आणि मन पुन्हा डळमळेल. म्हणून कारणं नीट समजून घेऊ, आणि मग मागचा टायर खरोखर जास्त चालावा म्हणून काय करता येतं तेही पाहू.

मोटारसायकलला कारचा टायर लावायची ही चाल मुख्यतः अमेरिकेतली. तिथे होंडाची गोल्डविंग ही मोठी टूरिंग गाडी फार लोकप्रिय आहे. वजन चारशे किलोच्या आसपास, आणि तिच्या आधीच्या पिढीतल्या जीएल १८०० मॉडेलच्या मागच्या टायरचं माप १८०/६० आर१६. सोळा इंची रिम म्हणजे कारच्या टायरशी जुळणारा आकडा. तिथल्या काही जणांनी या रिमवर १९५/५५ आर१६ मापाचा कारचा टायर चढवून पाहिला, त्यावर हजारो मैल काढले, आणि स्वतःला 'डार्कसाइडर' म्हणवून घेऊ लागले. त्यांचं म्हणणं असं, की टायर दुप्पट-तिप्पट टिकतो, रन-फ्लॅट प्रकारचा घेतला तर पंक्चर झाल्यावरही गाडी काही अंतर चालते, आणि सरळ रस्त्यावर ती जास्त स्थिर वाटते. त्यांतले कित्येक जण वर्षानुवर्षं सुखरूप फिरतायत, हेही मान्य केलं पाहिजे. कारचा टायर बसवला म्हणजे पहिल्याच वळणावर पडलात असं नसतं. पण मोटारसायकलचे टायर बनवणाऱ्या कंपन्या या प्रकाराला साफ नाही म्हणतात, आणि त्यांच्याकडे त्याला कारण आहे.

ते कारण घरच्या घरी पाहता येतं. तोंडाशी रुंद आणि बुडाशी अरुंद असा स्टीलचा पेला घ्या, आडवा करा आणि फरशीवर ढकला. तो सरळ जाणार नाही, गोल फिरेल. रुंद बाजूचा घेर मोठा, अरुंद बाजूचा लहान, त्यामुळे तो आपोआप लहान घेराच्या बाजूला वळतो. मोटारसायकलचा टायर मुद्दाम गोलसर पाठीचा बनवलेला असतो तो याचसाठी. गाडी झुकली की त्याचा जमिनीला टेकणारा भाग या पेल्यासारखा होतो आणि चाक स्वतःहून वळणाच्या आत ओढलं जातं. वळणावर आपण हँडल फारसं फिरवत नाही, तरी गाडी वळते, त्यात या ओढीचा वाटा मोठा असतो.

कारचं चाक झुकत नाही. म्हणून कारच्या टायरची पाठ सपाट, कडा चौकोनी आणि आतले स्टीलचे पट्टे त्या सपाट पाठीला धरून बसवलेले. असा टायर मोटारसायकलला लावून गाडी झुकवली, की टायर आपल्या एका कडेवर चढतो. जमिनीचा आधार एकदम त्या कडेला सरकतो आणि गाडीला उभं करायला बघतो. तुम्हाला वळायचंय आणि गाडी सरळ व्हायला बघतेय, अशी ओढाताण संपूर्ण वळणभर चालते. हातांनी हँडलवर सतत दाब धरून ठेवावा लागतो. सवयीने ते जमतं असं त्या मंडळींचं म्हणणं आहे, आणि मोकळ्या, रुंद, एकसारख्या वळणावर ते जमतही असेल. पण वळणाच्या मध्येच खड्डा, वाळू किंवा समोरून आलेली बैलजोडी दिसली आणि आणखी थोडं आत झुकायची वेळ आली, तर त्या क्षणी हातात जेवढी ताकद आणि डोक्यात जेवढी शुद्ध असेल, तेवढ्यावरच सगळं येऊन ठेपतं.

याचा थोडा अनुभव तुमच्यातल्या बऱ्याच जणांना आधीच आलेला असणार. महामार्गावर सरळ चालून चालून मागचा टायर मधोमध घासतो आणि पाठ सपाट होते. मध्ये सपाट पट्टा आणि दोन्ही बाजूंना उंचवटा. अशा टायरवर गाडी वळवताना सुरुवातीला ती अडून बसते आणि मग एकदम पडल्यासारखी आत जाते. त्या उंचवट्यावरून टायर घरंगळतो म्हणून तसं होतं. नवा टायर टाकल्यावर "गाडी किती हलकी झाली" असं वाटतं ते त्यामुळेच. कारचा टायर म्हणजे पहिल्या दिवसापासून याहून कितीतरी अधिक सपाट झालेला टायर. ज्या अवस्थेत आपण टायर बदलतो, त्या अवस्थेपासून सुरुवात करायला पैसे का मोजायचे?

आता आपला रस्ता पाहा. वणी, कायर, मुकुटबन या पट्ट्यात कोळशाचे आणि सिमेंटचे ट्रक रात्रंदिवस धावतात, आणि खाली काळी कपाशीची जमीन. ही माती पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसून भेगाळते, त्यामुळे वरचा डांबरी थर कधी एका पातळीत राहत नाही. जड ट्रकांची चाकं जिथून जातात तिथे रस्ता दबून चाकोऱ्या पडतात, दोन चाकोऱ्यांच्या मध्ये डांबराचा उंचवटा उभा राहतो आणि कडेला गिट्टी साचते. गोल पाठीचा टायर या उंचवट्यावरून तिरका सहज निघून जातो, कारण कुठल्याही कोनात त्याचा जमिनीला टेकणारा भाग साधारण तेवढाच राहतो. सपाट टायरची मात्र एक कड उंचवट्यावर टेकते, दुसरी हवेत राहते, आणि पुढच्याच क्षणी उलट होतं. दर वेळी मागचं चाक गाडीला वेगळ्या बाजूला ढकलतं. ओव्हरटेक करताना, बाजूला चौदा चाकी ट्रक आणि त्याने उडवलेली धूळ असताना, मागच्या चाकाने स्वतःची दिशा ठरवायला घेतली तर काय होईल याचा विचार करा. ज्या रुंद, सपाट रस्त्यांवर ही चाल रुजली, तिथे हा प्रसंग कमी येतो. आपल्याकडे तो रोजचा आहे.

पावसाची गोष्टही तशीच. मोटारसायकलचा अरुंद, गोल टायर पाण्याला दोन्ही बाजूंना सारत जातो. कारचा टायर रुंद, आणि त्याच्यावर यायला हवा तेवढा भार मोटारसायकल देऊच शकत नाही. हलक्या भाराखालचा रुंद, सपाट टायर साचलेल्या पाण्यावर लवकर तरंगायला लागतो. शिवाय कारच्या टायरचं रबर आणि आतली बांधणी कारच्या वजनाच्या हिशेबाने केलेली असते. त्याहून कितीतरी कमी भारावर हा टायर हवा तसा वाकत नाही, गरम होत नाही, आणि थंड ओल्या रस्त्यावर त्याची पकड कमी पडते. जो कडकपणा त्याला टिकाऊ करतो, तोच ओल्या रस्त्यावर पकड कमी करतो.

"पण ब्रेक चांगला लागतो, जमिनीला टायर जास्त टेकतो ना," असंही सांगितलं जातं. सरळ रेषेत मागच्या चाकापुरतं ते थोडंफार खरं आहे. मात्र जोरात ब्रेक मारला की गाडीचं वजन पुढच्या चाकावर जातं आणि थांबण्याचं बहुतेक काम पुढचं चाक करतं. मागे मिळालेला जास्तीचा आधार ऐन गरजेच्या क्षणी फारसा कामाला येत नाही.

हे सगळं झालं टायर रिमवर नीट बसला असं धरून. पण तो नीट बसतोच असं नाही. टायरची आतली जाड कड, जिच्यात तारांचा गठ्ठा असतो आणि जिला दुकानात सगळे बीड म्हणतात, ती रिमच्या खाचेत घट्ट बसून हवा धरते. कारच्या रिमची ती खाच आणि मोटारसायकलच्या रिमची खाच सारखी नसते. दोन्हींवर १६ लिहिलेलं असलं तरी आकार, उतार आणि मापातला बारीक फरक वेगळा असतो. म्हणूनच मोटारसायकलच्या टायरवर मापाच्या शेवटी एम/सी अशी अक्षरं छापतात. १३ इंच आणि त्याहून मोठ्या मापात ती असतात, आणि हा टायर मोटारसायकलच्या रिमसाठीच आहे, तेवढ्याच इंचाच्या कारच्या टायरशी त्याची गल्लत करू नये, एवढाच त्यांचा अर्थ. आज घरी गेल्यावर आपल्या टायरवर ती शोधा.

बीड न जुळणारा टायर चढवताना दुकानातला मुलगा कंप्रेसरने हवा वाढवत राहतो. मोटारसायकलचा टायर साबणाचं पाणी लावून चढवला तर बीड बसल्याचे आवाज एकामागून एक, साधारण ४० पीएसआयच्या आतच यायला हवेत. ते आले नाहीत तर हवा सोडायची, पुन्हा साबण लावायचा, टायर फिरवून बघायचा. हवा वाढवत नेणं हा त्यावरचा उपाय कधीच नाही, कारण बीडची तार तुटली तर तो टायर त्या मुलाच्या तोंडावर फुटतो. आणि समजा बसला, तरी चुकीच्या खाचेत बसलेला टायर वळणावर, ओझ्याखाली, हवा कमी झाल्यावर सुटू शकतो. आपण आपल्या जिवाचा धोका पत्करला असेल, पण दुकानात काम करणाऱ्या पोराचा पत्करायचा अधिकार आपल्याला नाही.

आणि मुळात आपल्या गाड्यांना हे टायर मापातच बसत नाहीत. आताच्या क्लासिक ३५० ला पुढे १००/९०-१९ आणि मागे १२०/८०-१८. जुन्या बुलेटला ३.२५-१९. स्प्लेंडरला ८०/१००-१८. आपल्या रस्त्यावरच्या छोट्या कार १२ ते १६ इंची. अल्टोचा १४५/८० आर१२ टायर उभा केला तर साधारण ५३७ मिलिमीटर भरतो, क्लासिकचा मागचा ६४९. अठरा आणि एकोणीस इंचांत कारचे टायर मिळतात ते मोठ्या एसयूव्हींचे, दोनशे मिलिमीटरच्या पुढच्या रुंदीचे. ते स्विंगआर्ममध्ये मावणारच नाहीत, चेन आणि मडगार्ड दोन्हींना घासतील. मोह पडावा अशी आपल्याकडची एक गाडी म्हणजे सुपर मिटिऑर ६५०. तिचा मागचा टायर १५०/८०-१६. मॅग्नाइट कारचा १९५/६० आर१६ उंचीला तिच्या बराच जवळ जातो, पण रुंदीत ४५ मिलिमीटर जास्त. म्हणजे दोन्ही बाजूंना बावीसेक मिलिमीटर. एका बाजूला चेन आहे आणि दुसऱ्या बाजूला ब्रेक. कुणी वॉशर घालून, स्विंगआर्म घासून जागा करून देतो म्हणाला, तर तिथून उठून या.

कायद्याचंही एक वाक्य सांगून ठेवतो. केंद्रीय मोटार वाहन नियमांतला नियम ९४ टायरच्या अवस्थेबद्दल आणि नियम ९५ टायरच्या मापाबद्दल आणि प्लाय रेटिंगबद्दल आहे. आपल्याकडे दुचाकी-तीनचाकीच्या टायरसाठी आयएस १५६२७ हे मानक आहे, कारच्या टायरसाठी आयएस १५६३३. दोन वेगळ्या वापरांसाठी दोन वेगळ्या कसोट्या. अपघातानंतर विम्याचा सर्व्हेअर गाडी पाहतो, तेव्हा भलत्याच मानकाचा टायर दिसला तर दावा अडवायला आयतं कारण मिळतं.

मग कारचा टायर मोटारसायकलला कधीच लागत नाही का? लागतो, जिथे गाडी झुकत नाही तिथे. सौराष्ट्रातला छकडो पाहा: पुढे बुलेटचं तोंड, मागे दोन चाकांवरची ट्रॉली. गुजरातमधल्या अमरेली जिल्ह्यातल्या मनसुखभाई जगानींनी बुलेटचं मागचं चाक काढून तिथे दोन चाकं आणि शेतीची अवजारं जोडली, ती 'बुलेट सांती' म्हणून ओळखली गेली. आपल्या लातूर जिल्ह्यात निलंग्याच्या मकबूल शेख यांनी बुलेटपासून छोटा ट्रॅक्टर बनवला. या सगळ्यांत वाहन तीन किंवा चार चाकांवर उभं असतं, वळताना चाक जमिनीला काटकोनातच राहतं, म्हणून सपाट टायर तिथे योग्यच ठरतो. आपल्याकडच्या टायरच्या बंडीलाही म्हणूनच कारचे-जीपचे जुने टायर चालतात. साइडकार लावलेली बुलेटही झुकत नाही. परदेशात साइडकारवाले मागे कारचा टायर लावतात ते समजण्यासारखं आहे, पण तेसुद्धा जाणकार मंडळी कारची रिम बनवून घेऊन लावतात. दिव्यांगांसाठी बाजूला दोन चाकं जोडलेल्या स्कूटरचंही तसंच: ती झुकत नाही, म्हणून मधल्या चाकाचा टायर मधोमध लवकर झिजतो. तिथेही कंपनीच्याच मापाचा, पण जास्त भार पेलणारा टायर घ्यावा. जोडचाकांची हवा कमी झाली की जास्त भार मधल्या चाकावर येतो, म्हणून ती दर आठवड्याला सारखी करावी.

मग मागचा टायर जास्त चालवायचा कसा

टायर घेताना पहिल्यांदा बाजूचे आकडे वाचा. क्लासिकच्या मागच्या टायरवर १२०/८०-१८ एम/सी ६२पी असं असतं. यातला ६२ हा भाराचा आकडा, म्हणजे २६५ किलो. पी म्हणजे ताशी १५० किलोमीटरपर्यंत. मागे बसणाऱ्याचं आणि बॅगांचं जवळजवळ सगळं वजन मागच्या चाकावर येतं, म्हणून हा भाराचा आकडा कंपनीने दिला त्याहून कमी कधीही घेऊ नका. जास्त चालेल. चार आकड्यांची तारीख वेगळी छापलेली असते: २३२५ म्हणजे २०२५ सालातला तेविसावा आठवडा. सवलतीत मिळणारा टायर कधीकधी तीन-चार वर्षं गोदामात पडून असतो. विदर्भाच्या उन्हाळ्यात पत्र्याच्या शेडखाली पडून राहिलेलं रबर न वापरताच म्हातारं होतं. बाजूला बारीक भेगा दिसल्या तर तो टायर नको.

ज्यांना टिकाऊपणा हवाय, त्यांच्यासाठी टायर कंपन्या टूरिंगचे टायर बनवतात. त्यांत मधला पट्टा कडक आणि कडेचे पट्टे मऊ ठेवलेलेही मिळतात. डार्कसाइडवाल्यांना जे हवं असतं, म्हणजे सरळ रस्त्यावर टिकणं, ते इथे मिळतं आणि वळणावरची पकडही राहते. किंमत जास्त वाटेल. बिलावर त्या दिवशीचं किलोमीटर लिहून ठेवा आणि पुढच्या वेळी किमतीला चाललेल्या किलोमीटरने भागा. मग स्वस्त कोणता आणि महाग कोणता ते कळेल. रुंद टायरचा शौकही याच हिशेबाने तपासा. रिमला न झेपणारा रुंद टायर चढवला की त्याच्या कडा आत ओढल्या जातात, मध्ये उंचवटा येतो आणि तो मध्येच झिजतो. गाडी रुबाबदार दिसते, पण टायर लवकर जातो.

सगळ्यात जास्त टायर खाल्ले जातात ते हवेच्या हलगर्जीपणामुळे. हवा किती ठेवायची ते गाडीच्या पुस्तकात आणि स्टिकरवर लिहिलेलं असतं, एकट्यासाठी वेगळं आणि दोघांसाठी वेगळं. पंक्चरवाल्याच्या अंदाजावर जाऊ नका. छोटा गेज घ्या, तो सीटखाली मावतो. हवा सकाळी, गाडी चालवण्याआधी मोजा. टायर तापला की साधारण दर पाच-सहा अंशांना जवळपास एक पीएसआयने दाब वाढतो. मे महिन्याच्या दुपारी चार-पाच पीएसआय वाढलेले दिसले तर दचकू नका आणि हवा सोडूही नका. दुपारी सोडलेली हवा दुसऱ्या दिवशी सकाळी कमी भरते, आणि कमी हवेचा टायर जास्त वाकतो, जास्त तापतो, कडेला झिजतो आणि ओझ्याखाली फुटतो. दोघं जण सामान घेऊन निघणार असाल तर निघण्याच्या दिवशी सकाळी हवा वाढवा आणि परतल्यावर पुन्हा कमी करा. हा कंटाळा करणारे खूप आहेत आणि त्यांचेच टायर लवकर जातात.

झीज नुसती डोळ्याने बघू नका, हात फिरवून बघा. टायर थंड असताना तळहात एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत फिरवा. मध्ये सपाट पट्टा जाणवला, तर सरळ रस्त्याची किंवा जास्त हवेची झीज. एकच बाजू घासलेली असेल, तर मागचं चाक तिरकं बसलंय: चेनच्या ॲडजस्टरवरच्या खुणा दोन्ही बाजूंना सारख्या आहेत का ते बघा. ठिकठिकाणी खड्डे-उंचवटे लागले, तर शॉकॲबसॉर्बर किंवा चाकाचा तोल बघा. हे कारण काढल्याशिवाय नवा टायर टाकलात, तर तोही तसाच जाणार. खाचांमध्ये छोटे उंचवटे असतात, पृष्ठभाग त्यांच्या बरोबरीला आला म्हणजे टायर संपला. दुचाकीसाठी नियमातली मर्यादा ०.८ मिलिमीटर आहे, पण आपल्या पावसात तिथपर्यंत थांबू नये. जूनच्या आधी खाचा उथळ दिसल्या तर टायर तेव्हाच बदला. पऱ्हाटी पेरून झाल्यावर धुऱ्यावरचा चिखल रस्त्यावर येतो, तेव्हा संपत आलेला टायर म्हणजे पडण्याची तयारी.

रबर चढवलेले जुने टायर दुचाकीला नकोत. ट्रकच्या मागच्या जोडचाकांत एक टायर गेला तरी दुसरा असतो. तुमच्या मागे दुसरा नाही.

बसवताना दुकानात उभे राहा. तारांची रिम असेल तर ट्यूब आणि रिमचा आतला पट्टा टायरबरोबरच नवा टाका, जुनी ट्यूब ताणलेली असते आणि नव्या टायरमध्ये तिच्या घड्या पडतात. टायरवर ट्यूबलेस लिहिलं म्हणून तारांची रिम ट्यूबलेस होत नाही. ट्यूब घालावीच लागते. बाजूचा बाण चाक फिरण्याच्या दिशेला आहे ना, हे हवा भरण्याआधी बघा, नंतर बघितलं तर पुन्हा सगळं उतरवावं लागतं. टायरच्या कडेला गोल रेघ असते, ती रिमपासून सगळीकडे सारख्या अंतरावर दिसली म्हणजे बीड नीट बसला. वर-खाली दिसली तर हवा सोडून पुन्हा बसवायला सांगा, "चालता चालता बसेल" हे ऐकू नका. चाकाचा तोल करून घ्या. एबीएस असलेल्या गाडीत सेन्सरच्या चकतीला पान्याचा धक्का लागू देऊ नका.

नव्या टायरवर कारखान्यातला गुळगुळीतपणा असतो. पहिले दीड-दोनशे किलोमीटर सावकाश, हळूहळू जास्त झुकत चालवा, जोरात ब्रेक आणि एकदम ॲक्सिलरेटर टाळा. या काळात पाऊस लागला तर आणखी जपून. पहिल्या शंभरेक किलोमीटरनंतर ॲक्सलचा नट, चेनचा ढिलेपणा आणि थंड टायरची हवा पुन्हा तपासा. नवी ट्यूब टाकली असेल तर दुसऱ्या दिवशी हवा दोन-तीन पीएसआयने उतरलेली दिसू शकते, तेवढी भरून घ्या. त्याहून जास्त उतरली असेल तर लांबच्या प्रवासाला निघू नका, आधी व्हॉल्व्हवर साबणाचं पाणी टाकून बुडबुडे येतात का ते बघा.